आम्ही पाहिलेलं तंजावर

'आमची सहल' हा निबंध मी दरवर्षी सहावीला लिहायला देते. आणि दरवर्षी वर्गातली बहुतेक मुलं 'आम्ही पहाटे लवकर उठलो' इथून सुरुवात करतात आणि 'अशा प्रकारे आमची सहल आनंदात पार पडली' इथे संपवतात. मधे गाडी, डबा, गाणी, झाडं. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर मी नेहमीप्रमाणे फळ्यावर विषय लिहिला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आधी तुमची सहल सांगा ना!" सांगितली. पण अर्धीच. उरलेली अर्धी वर्गात सांगण्यासारखी नव्हती. ती इथे लिहिते आहे, कारण ही वाचणारे बरेच जण माझ्यासारखे शिक्षकही आहेत आणि पालकही.

आम्ही पाच जण तंजावरला गेलो होतो. मी, आमचे मिस्टर, सासूबाई, आठवीतली लेक आणि चौथीतला धाकटा. दक्षिणेत जायचं म्हटलं की लोक म्हैसूर, उटी, रामेश्वर, कन्याकुमारी करतात. "तंजावरला काय आहे एवढं?" असं मला निदान सहा जणांनी विचारलं. खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. अठरा वर्षं मी वर्गात 'शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापन केले' हे वाक्य शिकवत आले. वाक्य संपलं की पुढचा मुद्दा. त्या वाक्याच्या आत एक अख्खं शहर आहे आणि जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा काळ आहे, हे कधी डोक्यातच आलं नाही. तेव्हा ठरवलं की एकदा जाऊन बघू.

दुसरं कारण घरातलं होतं. मी मराठी शिकवते. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. का, कधी, कोणाच्या आग्रहाने, हे सगळं आता सांगत बसत नाही. त्या वेळी जे योग्य वाटलं ते केलं. पण गावात पालकसभेत मी मराठी शाळेचं महत्त्व सांगायला उभी राहिले की समोरून एखादी आई अगदी साधेपणाने विचारते, "बाई, तुमची मुलगी कुठल्या शाळेत?" मग माझा आवाज आपोआप खाली येतो. लेकीच्या शाळेत मराठी विषय आहे, सक्तीचाच आहे, पण तिचं वाचन अडखळत चालतं. जोडाक्षर आलं की थांबते. सहामाहीचा मराठीचा पेपर तिने माझ्यापासून लपवला होता. मला तो गादीखाली सापडला. मी जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर तिने माझ्यासमोर मराठीचं पुस्तक उघडणंच बंद केलं होतं. आम्ही निघालो तेव्हा घरात ही हवा होती.

चेन्नईहून रात्रीची गाडी पकडून सकाळी तंजावरला उतरलो. पाऊस होता. आपला पाऊस परत गेला की यांचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. हे मी भूगोलात शिकवलेलं, पण छत्री आणायची आठवण फक्त सासूबाईंना झाली. शहर मात्र पावसाला भीक घालत नव्हतं. रिक्षावाले, शाळेच्या बसेस, भाजीचे ढीग, फुलांचे हारे. गजरे तिथे हाताने मोजून देतात. सासूबाईंना त्या गजऱ्यांत अबोली दिसली आणि त्या रस्त्यातच थांबल्या. "आमच्या माहेरच्या परसात होती," म्हणाल्या आणि वीस रुपयांचा गजरा घेऊन स्वतःच्याच हाताने माळला. बाबा गेल्यापासून मी त्यांना फुलं घालताना पाहिलं नव्हतं. कोणी काही बोललो नाही.

नाश्त्याला पोंगल, वडा आणि सांबार. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं आणि ते पहिल्यांदा तंजावरच्या राजवाड्यात झालं, अशी गोष्ट तिथले लोक हौसेने सांगतात. पुरावा कोणी दाखवत नाही. मी मुलांना सांगितलं, "ही गोष्ट आहे, इतिहास नाही." मिस्टर म्हणाले, "अगं, निदान खाऊ तरी दे त्यांना." बरोबरच होतं. कॉफी पितळेच्या पेल्यात येते, खाली वाटी असते आणि एकातून दुसऱ्यात ओतून ती निववायची. धाकट्याने यात इतका वेळ घालवला की त्याच्या दुधाचं थंड सरबत झालं.

पहिला दिवस राजवाड्यात गेला. राजवाडा मुळात नायक राजांचा, नंतर मराठ्यांनी वाढवला. आज त्याचे बरेच भाग पडके आहेत, काहींत सरकारी संग्रहालयं आहेत. चोळांच्या काळातल्या ब्रॉन्झच्या मूर्ती तिथे आहेत, त्या नक्की बघाव्यात. नटराजाचा उचललेला पाय इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच बघायला मिळेल. पण मला ओढ होती ती सरस्वती महालाची.

सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे. पोथ्या अभ्यासकांसाठी आत असतात, आपल्यासारख्यांना बाहेरचं छोटं संग्रहालय बघता येतं. ते एका खोलीएवढं आहे, पण घाई करू नका. ताडपत्रं आहेत, चित्रं आहेत, जुने नकाशे आहेत. हे ग्रंथालय नायकांच्या काळात सुरू झालं, पण ते आजच्या रूपाला आणलं ते दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८ ते १८३२). हा माणूस आपल्या पाठ्यपुस्तकात का नाही, असं मला तिथे उभं राहून वाटलं. लहानपणी दत्तक आलेला, गादीवरून भांडण झालेलं, म्हणून मद्रासला पाठवून शिकवलेला. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्याच्यावर मुलासारखी माया केली. गादी मिळाली तोवर राज्य कंपनी सरकारने जवळजवळ ताब्यात घेतलेलं. राजाच्या हातात किल्ला आणि आसपासचा थोडा भाग. दुसरा कोणी रुसून बसला असता. याने पुस्तकं जमवली. हजारो. काशीयात्रेला गेला तरी तिथून पोथ्या आणल्या. छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, 'बालबोध मुक्तावली' या नावाने. पुण्यात पेशवाई होती तेव्हा, आणि पुण्यात छापील मराठी पुस्तक नव्हतं! शाळा काढल्या, तिथे भाषांबरोबर कला आणि शास्त्रंही शिकवली जात. डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार व्हायचे आणि प्रत्येक रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून नोंद ठेवली जायची. त्या नोंदी अजून आहेत.

मी हे सगळं लेकीला सांगत होते. म्हणजे, शिकवत होते. तिचं अर्धं लक्ष. मग म्हटलं, "आणि बघ, लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, किती भाषा येत होत्या त्याला. पुस्तकांवर इंग्रजीत सही करायचा."

ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे तो पण इंग्लिश मीडियमचाच होता की."

मिस्टर हसले. सासूबाईंना कळलं नाही म्हणून धाकट्याने समजावून सांगितलं, मग त्याही हसल्या. मला हसू आलं नाही. पण उत्तरही सुचलं नाही, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्ही मोठ्या देवळात गेलो. तिथले लोक त्याला 'पेरिय कोविल' म्हणतात, म्हणजे मोठं देऊळच. राजराज चोळाने बांधलेलं, १०१० साली पुरं झालेलं. शिखर साधारण २१६ फूट उंच, सगळं ग्रॅनाइटचं. कावेरीच्या गाळाच्या सपाट भातशेतीच्या प्रदेशात एवढा दगड कुठून आणला असेल, हा प्रश्न धाकट्यालाही पडला, तेव्हा मोठ्यांनी लाजायचं कारण नाही. (एक सूचना: चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि फरशी भयंकर तापते. जाड पायमोजे न्या. आम्ही नेले नव्हते. आमचे मिस्टर सावलीसावलीने ज्या उड्या मारत गेले त्याचा व्हिडिओ लेकीने काढला आहे, तो मी इथे टाकणार नाही.)

आम्ही एक गाइड केला होता. बिचारा कष्टाळू होता, हिंदी बरी होती. त्याने सांगितलं की या शिखराची सावली कधीच जमिनीवर पडत नाही. हे मी वाचलं होतं, बऱ्याच ठिकाणी छापलेलंही आहे. धाकटा मात्र अंगणाच्या मधोमध गार फरशीवर उभा होता. त्याने वर शिखराकडे बघितलं, खाली पायाकडे बघितलं आणि विचारलं, "काका, मग मी कशात उभा आहे?"

गाइडने त्याच्या गालावर टिचकी मारली आणि नंदीकडे नेलं. मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. असे प्रश्न विचारतो म्हणून मी त्याला 'जादा शहाणा' म्हणते. परत आल्यावर म्हणणं बंद केलं आहे. प्रयत्न चालू आहे, असं म्हणा.

देवळाचं जोतं खालपासून तमिळ शिलालेखांनी भरलेलं आहे. राजाने काय दिलं, त्याच्या बहिणीने, कुंदवईने, काय दिलं, राण्यांनी काय दिलं. दागिने, दिवे, गावं. चारशे नर्तिकांची नावं आहेत, कोणत्या रस्त्यावर कोणत्या घरात राहायचं तेही आहे. हजार वर्षांचं हजेरीपत्रक! आपल्याकडे पाच वर्षांपूर्वीचं कपाटात सापडत नाही.

पण मला मराठी लेख बघायचा होता. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास देवळाच्या भिंतींवर कोरून घेतला. जगातल्या सगळ्यांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना करतात. आवाराच्या कडेने जी लांबच लांब ओवरी आहे, तिच्या नैऋत्येकडच्या बाजूला तो आहे. गाइडने लांबूनच हात केला, "उधर मराठी है," आणि त्याचे पैसे घेऊन तो गेला. पर्यटक तिकडे फारसे फिरकत नाहीत.

बघितल्यावर पहिलं वाटलं ते म्हणजे, अरे, हे वाचता येतंय. दोन दिवस सगळीकडे तमिळ अक्षरं बघून डोळे निरक्षर झाल्यासारखे झाले होते. रिक्षावर काय लिहिलंय कळत नाही, दुकानावर काय लिहिलंय कळत नाही. (पहिलीतल्या मुलाला शाळेच्या भिंती बघून असंच वाटत असणार.) आणि इथे ओळीमागून ओळी देवनागरी. जुनी वळणं, शब्द कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो ते पटकन कळत नाही, काही ठिकाणी झिजलेलं. पण आपलं.

तिथे ओवरीच्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या. नऊवारी नव्हती, तिथल्यासारखीच साडी, कपाळाला विभूती. आम्ही बोलत होतो ते त्यांनी ऐकलं आणि सासूबाईंना काहीतरी विचारलं. पहिल्यांदा मला ते तमिळच वाटलं. हेल पूर्ण तमिळ. सासूबाई मात्र लगेच वळल्या. त्यांना कळलं होतं. ती मराठी होती.

तंजावरकडे अशी मराठी कुटुंबं आहेत हे मी वाचलं होतं. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव त्यांतलेच, कुंभकोणमचे. पण वाचणं वेगळं आणि समोर बसलेली बाई आपल्या भाषेत 'जेवलात का' विचारते ते वेगळं. आजींचं बोलणं जसंच्या तसं मला इथे लिहिता येणार नाही, लिहिलं तर नक्कल होईल. काही शब्द असे की ते मी फक्त माझ्या पणजीच्या तोंडून ऐकले होते, आणि त्याला लागून तमिळ शब्द. सासूबाई आणि त्या अर्धा तास बोलल्या. सून, मुलगा, गुडघे, तांदळाचा भाव. आजींच्या हिशोबाने त्यांच्या आठ पिढ्या इथे झाल्या. महाराष्ट्रात त्या कधी आल्या नाहीत. पंढरपूरला एकदा यायचं आहे, म्हणाल्या.

मग मी विचारलं, "आजी, हे तुम्ही रोज वाचत असाल."

त्या हसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. शिकल्या होत्या त्या, तमिळ वर्तमानपत्र रोज वाचतात. पण देवनागरी कोणी शिकवली नाही. घरात मराठी बोलायची, शाळेत तमिळ लिहायचं, असंच चालत आलं. साठ वर्षं दर प्रदोषाला त्या या देवळात येतात, या भिंतीपाशी टेकतात, आणि भिंतीवर काय लिहिलंय ते त्यांना माहीत नाही.

त्यांनी लेकीला हाताने जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, तू शाळेत जातेस ना, मला वाचून दाखव.

लेकीने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. तिला वाटलं मी म्हणेन, 'तिला नीट येत नाही, मी वाचते.' आणि माझ्या ओठांवर अगदी तेच आलं होतं. सासूबाईंनी माझा हात दाबला. मुद्दाम दाबला की उठताना आधार म्हणून धरला, मी अजून विचारलेलं नाही.

तिने वाचायला सुरुवात केली. अक्षर, मग अक्षर. एक ओळ वाचायला पाच मिनिटं लागली असतील. जोडाक्षरापाशी थांबली, बोट हवेत फिरवून अक्षर तोडून बघितलं, पुन्हा वाचलं. दोन ठिकाणी चुकली. मला कळत होतं, मी बोलले नाही. अठरा वर्षांच्या नोकरीत एवढं कठीण काम मी केलेलं नाही. एका ठिकाणी 'शहाजी राजे' आलं, ते तिने एका दमात वाचलं. आजी लगेच म्हणाल्या, "शहाजी राजे!" आणि भिंतीला हात लावून नमस्कार केला. मग लेकीने पुढची ओळ घेतली. कोणी सांगितलं नव्हतं.

मी ओवरीच्या खांबाआड गेले. डोळे पुसायचे होते. मी तिला पहिलीपासून घरी वाचायला बसवत आले आहे, आणि चार शब्द वाचले की पाचव्याला मी दुरुस्ती करत आले आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी एवढं टोकत नाही. त्यांना मार्क द्यायचे असतात, हिच्यामुळे मला मिळायचे असतात. हे मला तिथे त्या खांबाआड कळलं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. संध्याकाळी बाजारात मान हलवणारी तंजावरची बाहुली घेण्यावरून ती आणि धाकटा असे भांडले की दोघांना दोन बाहुल्या घ्याव्या लागल्या. गाडीत तिने मोबाइलवर इंग्रजी कादंबरीच वाचली. मराठीचा पुढचा पेपरही काही फार चांगला गेला नाही. पण तो तिने आल्याआल्या टेबलावर ठेवला.

एक गोष्ट राहिली. निघताना आजींनी सासूबाईंना सांगितलं होतं की त्यांच्या घरात त्यांच्या आजेसासूची एक वही आहे. घरात कोणालाच वाचता येत नाही. मुलाने नंतर तिच्या एका पानाचा फोटो मिस्टरांच्या मोबाइलवर पाठवला. मोडी! मलाही येत नाही. आपल्या शाळांतून मोडी गेली त्याला आता सत्तर-पंचाहत्तर वर्षं होत आली. मी मोडीचं एक पुस्तक आणलं. लेक म्हणाली, "तुला पण येत नाही?" तिच्या आवाजात जो आनंद होता तो मी समजू शकते.

आता रविवारी दुपारी आम्ही दोघी तो फोटो मोठा करून बसतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, अनुस्वार बऱ्याचदा गाळलेला, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. मी तिच्याएवढीच अडखळते, कधी कधी तिच्याहून जास्त, आणि ती मला टोकते. आतापर्यंत चार शब्द लागले आहेत. चौथ्याचं शेवटचं अक्षर पुसट आहे. ती म्हणते तो 'चिंच' आहे, म्हणजे ही स्वयंपाकाची वही. मला तो 'चिंता' वाटतो, म्हणजे गाण्यांची. सासूबाई रोज विचारतात, कारण आजींना फोन करून सांगायचं आहे.